अडलेला भरणा

मोबाइलवरून दिलेले पैसे मध्येच का थांबतात, आणि थांबले तर काय करावे

पाटण्याच्या एखाद्या औषधाच्या दुकानात रात्रीच्या वेळी एक गृहस्थ उभे आहेत, अशी कल्पना करावी. घरी आजारी माणूस आहे. औषधांचे ८४० रुपये झाले आहेत. खिशात रोख रक्कम नाही, पण मोबाइल आहे. दुकानातील क्यूआर कोडसमोर मोबाइल धरून ते रक्कम लिहितात, आपला गुप्त अंक देतात आणि वाट पाहतात. पडद्यावर एक चक्र फिरत राहते. थोड्या वेळाने बँकेचा संदेश येतो : खात्यातून ८४० रुपये वजा झाले. परंतु दुकानदाराच्या गल्ल्यावरचे बोलके यंत्र गप्पच आहे. दुकानदार म्हणतो, "पैसे आले नाहीत." गृहस्थ म्हणतात, "माझे तर गेले." दोघेही खरे बोलत आहेत. तरीही औषध फळीवरच राहते.

असा प्रसंग आज भारतात कोणावरही येऊ शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआय या एकाच व्यवस्थेवरून एका महिन्यात झालेल्या व्यवहारांची संख्या २,००० कोटींच्या पुढे गेली. एवढ्या प्रचंड संख्येत अगदी अल्प प्रमाणातील व्यवहार अडले, तरी अडचणीत येणाऱ्या माणसांची संख्या लहान राहत नाही. ज्याच्या खात्यात भरपूर शिल्लक आहे त्याला या अडचणीची झळ फारशी लागत नाही. तो दुसऱ्यांदा पैसे देतो आणि पहिले परत येण्याची वाट पाहतो. ज्याची सर्व पुंजी त्या ८४० रुपयांतच होती, त्याच्यापुढे मात्र दुसरा मार्ग उरत नाही. म्हणूनच भरणा का अडतो, अडलेली रक्कम त्या वेळी कोठे असते आणि ती परत मिळविण्याचा हक्क कोणता, हे सर्वसामान्य नागरिकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पाकीट आणि खाते यांतील भेद

मोबाइलवरून पैसे देण्याच्या सर्वच प्रकारांना बोलण्याच्या ओघात 'वॉलेट' म्हटले जाते. वास्तविक यात दोन भिन्न प्रकार आहेत आणि दोष शोधताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो.

पहिला प्रकार म्हणजे खरेखुरे वॉलेट. यात ग्राहक आधी काही रक्कम एखाद्या अधिकृत संस्थेकडे भरून ठेवतो आणि मग त्या शिलकेतून खर्च करतो. अशा साधनांसाठी रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये प्रथम मार्गदर्शक नियम घालून दिले. दुसरा प्रकार म्हणजे यूपीआय. यात पैसे आधी कोठेही भरून ठेवावे लागत नाहीत. मोबाइलमधील अ‍ॅप हे केवळ आज्ञा पोचविणारे साधन असते. रक्कम एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या बँक खात्यात जाते. भारतीय राष्ट्रीय भरणा निगमाने, म्हणजेच एनपीसीआय या संस्थेने, ही व्यवस्था उभारली. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत तिचा प्रारंभ झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील नोटाबंदीनंतर तिचा प्रसार झपाट्याने होऊ लागला.

या दोहोंचे आता मिश्रणही झाले आहे. ज्या वॉलेटधारकाची ओळख पूर्णपणे पडताळलेली आहे, त्यास वॉलेटमधील शिल्लक यूपीआयच्या मार्गानेही खर्च करता येते. शिवाय छोट्या रकमांसाठी २०२२ मध्ये 'यूपीआय लाइट' नावाची सोय निघाली. तीत थोडी रक्कम मोबाइलवरच बाजूला काढून ठेवलेली असते आणि ती खर्च करताना गुप्त अंक द्यावा लागत नाही. त्यामुळे एकाच अ‍ॅपमध्ये बँक खाते, वॉलेट आणि लाइटची शिल्लक अशी तीन भांडी शेजारी शेजारी असू शकतात. बँकेत पैसे असूनही "शिल्लक अपुरी" असा संदेश आला, तर बहुधा भरणा वेगळ्याच भांड्यातून होत असतो.

हुंडीचा धडा

दूर अंतरावरून पैसे देताना निर्माण होणारी अडचण नवी नाही. भारतातील सराफ आणि सावकार शतकानुशतके हुंडीच्या साहाय्याने एका पेठेतून दुसऱ्या पेठेत पैसे पाठवीत. हुंडीचा कागद वाटेत गहाळ झाला तर काय करावे, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होताच. नवी हुंडी लिहून द्यावी, तर पहिली सापडल्यास दुप्पट पैसे जाण्याचे भय. न द्यावी, तर घेणाऱ्याचे नुकसान. यावर त्यांनी काढलेला तोडगा मोठा मार्मिक होता. हुंडी हरवल्यास तिची दुसरी प्रत लिहून दिली जाई. तिला 'पेठ' म्हणत. तीही हरवल्यास तिसरी प्रत निघे, ती 'परपेठ'. प्रत्येक प्रतीत आधीच्या प्रतीचा उल्लेख असे आणि आधीच्या प्रतीवर पैसे दिले नसतील तरच या प्रतीवर द्यावेत, असा त्याचा अर्थ असे. चुकती झालेली आणि रद्द केलेली हुंडी 'खोका' म्हणून जपून ठेवली जाई.

या व्यवस्थेत दोन तत्त्वे होती. एक, निरोप पोचला नाही याचा अर्थ पैसे दिले गेले नाहीत असा होत नाही. दोन, पहिल्या निरोपाचे काय झाले हे पाहिल्यावाचून दुसरा निरोप पाठवू नये. मोबाइलवरील भरण्याची सारी गुंतागुंत याच दोन तत्त्वांभोवती फिरते.

भरण्याचा प्रवास

ग्राहकाला जी एक कृती वाटते, ती प्रत्यक्षात अनेक संदेशांची साखळी असते. यूपीआयचे उदाहरण घेऊ. ग्राहकाने रक्कम लिहून गुप्त अंक दिला की अ‍ॅप ती आज्ञा आपल्या सहयोगी बँकेमार्फत निगमाच्या मध्यवर्ती केंद्राकडे पाठविते. गुप्त अंक सांकेतिक लिपीत बंदिस्त होऊन जातो. तो अ‍ॅपला वाचता येत नाही. मध्यवर्ती केंद्र प्रथम पैसे घेणाऱ्याचा पत्ता कोणत्या बँक खात्याशी जोडलेला आहे याचा शोध घेते. मग ते देणाऱ्याच्या बँकेस सांगते : या खात्याच्या नावे एवढी रक्कम टाका. ती बँक गुप्त अंक, शिल्लक आणि मर्यादा तपासते, रक्कम नावे टाकते आणि तसे कळविते. त्यानंतर केंद्र घेणाऱ्याच्या बँकेस सांगते : या खात्यात एवढी रक्कम जमा करा. तिचे उत्तर आले की दोन्ही बाजूंच्या अ‍ॅपना निरोप जातो, आणि दुकानातील यंत्र बोलते.

हे सर्व सामान्यतः काही सेकंदांत घडते. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की 'नावे' आणि 'जमा' या दोन नोंदी दोन वेगवेगळ्या बँकांच्या खतावणीत होतात. एकच माणूस एकाच वहीत दोन्ही नोंदी लिहीत नाही. त्यामुळे पहिली नोंद झाली आणि दुसरी झाली नाही, किंवा दुसरीही झाली पण झाल्याचा निरोप परत आला नाही, असे घडू शकते.

नकाराचे दोन प्रकार

भरणा नाकारला जाण्याच्या कारणांचे या क्षेत्रात दोन वर्ग मानले जातात. पहिल्या वर्गात यंत्रणा सुरळीत असते, पण व्यवहार नियमात बसत नाही. त्यास व्यावहारिक नकार म्हणता येईल. दुसऱ्या वर्गात व्यवहारात काही वावगे नसते, पण बँकेची किंवा मध्यवर्ती केंद्राची यंत्रणा उत्तर देऊ शकत नाही. तो तांत्रिक नकार होय. निगम दर महिन्यास प्रमुख बँकांच्या या दोन्ही नकारांचे प्रमाण प्रसिद्ध करते. हा भेद उपयुक्त आहे. कारण व्यावहारिक नकाराचा उपाय बहुधा ग्राहकाच्या हाती असतो, तर तांत्रिक नकाराच्या बाबतीत थांबणे किंवा दुसरा मार्ग धरणे एवढेच त्याला करता येते.

व्यावहारिक नकाराची नेहमीची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

शिल्लक अपुरी असणे हे सर्वांत साधे कारण. येथे कोणत्या भांड्यातून भरणा होत आहे ते पाहावे, आणि बँकेने काही रक्कम एखाद्या हप्त्यासाठी अडवून ठेवली आहे काय हेही पाहावे.

गुप्त अंक चुकणे हे दुसरे कारण. हा अंक चार किंवा सहा आकड्यांचा असतो आणि तो एटीएम कार्डाच्या अंकाहून वेगळा असतो. दोहोंची गल्लत पुष्कळांकडून होते. लागोपाठ काही वेळा चूक झाली की बँक काही काळ ही सोय बंद करते. अशा वेळी अंदाजाने आकडे घालीत बसण्यापेक्षा अ‍ॅपमध्ये नवा अंक ठरवून घेणे श्रेयस्कर.

मर्यादा ओलांडणे हे तिसरे कारण. व्यक्तीकडून व्यक्तीकडे यूपीआयने पाठवावयाच्या रकमेस सामान्यतः दिवसाला एक लाख रुपयांची मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था, कर अशा काही भरण्यांसाठी ती अधिक आहे. बँका आपल्या ग्राहकांसाठी याहून कमी मर्यादा घालू शकतात, आणि दिवसातील व्यवहारांच्या संख्येवरही बंधन असते. नव्याने नोंदणी केलेल्या किंवा मोबाइल बदललेल्या ग्राहकास पहिल्या चोवीस तासांत मोठी रक्कम पाठविता येत नाही. हे बंधन त्रासदायक वाटले, तरी चोराच्या हाती मोबाइल गेल्यास तेच ग्राहकाचे रक्षण करते.

वॉलेटच्या मर्यादा निराळ्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार, केवळ प्राथमिक माहिती देऊन उघडलेल्या वॉलेटमध्ये दहा हजार रुपयांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही आणि त्यातून दुसऱ्या व्यक्तीस पैसे पाठविता येत नाहीत; त्यातून फक्त वस्तू व सेवा विकत घेता येतात. ओळखीची पूर्ण पडताळणी झालेल्या वॉलेटसाठी हीच मर्यादा दोन लाख रुपये ठेवण्यात आली. म्हणून एकाच वॉलेटमधून दुकानात भरणा होतो आणि गावी भावाला पैसे पाठविता येत नाहीत, असा अनुभव आल्यास तो यंत्राचा दोष समजू नये. अपुरी पडताळणी हेच बहुधा त्याचे कारण असते.

चौथे कारण सिमशी निगडित आहे. यूपीआय व्यवस्था ग्राहकाचे खाते, त्याचा मोबाइल क्रमांक आणि त्याच्या हातातील यंत्र यांची एकत्र गाठ बांधते. नोंदणीच्या वेळी मोबाइलमधून एक लघुसंदेश आपोआप पाठविला जातो आणि तो बँकेत नोंदलेल्या क्रमांकावरूनच आला पाहिजे. सिम बदलले, दोन सिमपैकी दुसऱ्यावरूनच संदेश गेला, किंवा संदेश पाठविण्याइतकी शिल्लक सिमवर नसली, तर नोंदणी होत नाही. कामाच्या शोधात ओडिशाहून सुरतेस किंवा बिहारहून कोईमतूरला गेलेला कामगार नवे सिम घेतो आणि बँकेत जुनाच क्रमांक राहतो, तेव्हा नेमकी हीच अडचण उद्भवते. तिचा उपाय अ‍ॅपमध्ये नसून बँकेत क्रमांक बदलून घेण्यात आहे. जुना क्रमांक दीर्घकाळ बंद राहिल्यास दूरसंचार कंपनी तो दुसऱ्या कोणास देऊ शकते, हा याहून मोठा धोका आहे.

याखेरीज खाते निष्क्रिय होणे हेही एक कारण असते. दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने काहीच व्यवहार न केलेले खाते बँक निष्क्रिय ठरविते. कधी ओळखपत्रांची फेरतपासणी राहून गेलेली असते, तर कधी तपास यंत्रणेच्या सूचनेवरून खाते गोठविलेले असते. हे दोष पैसे देणाऱ्याच्या खात्यात असू शकतात, तसेच घेणाऱ्याच्याही.

क्वचित खुद्द सेवा देणाऱ्या संस्थेवरच निर्बंध येतात. जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेविरुद्ध आदेश काढला आणि १५ मार्च २०२४ नंतर तिच्या वॉलेटमध्ये नवी रक्कम भरण्यास मनाई केली. असलेली शिल्लक वापरण्याची किंवा काढून घेण्याची मुभा मात्र ग्राहकांना होती. अशा वेळी मोबाइल किंवा अ‍ॅप दुरुस्त करून काहीच साध्य होत नाही.

'प्रलंबित' म्हणजे काय?

यशस्वी आणि अयशस्वी या दोन निर्णयांखेरीज एक तिसरी अवस्था आहे आणि सर्व मनस्तापाचे मूळ तीच आहे. ती म्हणजे 'प्रलंबित'.

देणाऱ्याच्या बँकेने रक्कम नावे टाकली. केंद्राने घेणाऱ्याच्या बँकेस जमा करण्यास सांगितले. ठरलेल्या वेळात तिचे उत्तर आले नाही. आता केंद्राने काय मानावे? जमा झाली नाही असे मानून रक्कम परत करावी, तर कदाचित ती जमा झालेलीही असेल आणि मग कोणाचे तरी नुकसान होईल. जमा झाली असे मानावे, तर ती झालेली नसण्याचाही संभव आहे. हरवलेल्या हुंडीपुढे सराफ जसा थबकत असे, तशीच ही स्थिती आहे. म्हणून केंद्र निर्णय राखून ठेवते, घेणाऱ्याच्या बँकेस खतावणी तपासण्यास सांगते आणि ताळमेळ लागल्यावर एकतर रक्कम जमा झाल्याची खात्री होते किंवा ती देणाऱ्याकडे परत येते.

या मधल्या काळात ती रक्कम नाहीशी झालेली नसते. प्रत्येक संदेशाची नोंद दोन्ही बँकांत आणि केंद्रात असते. दुकानदाराने ती दडपली, असा संशय घेण्यासही बहुधा आधार नसतो. कारण ती त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसते.

अशा वेळी ग्राहकाने करावयाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे घाईने पुन्हा भरणा न करणे. दुसरा भरणा हा नवा, स्वतंत्र व्यवहार असतो. हुंडीच्या पेठेत पहिल्या प्रतीचा उल्लेख असे. दुसऱ्या भरण्यात पहिल्याचा उल्लेख नसतो. दोन्ही यशस्वी झाले तर दुकानदाराकडे दुप्पट रक्कम जाते, आणि ती परत मिळविणे त्याच्या सचोटीवर अवलंबून राहते.

पुनःपुन्हा विचारणा करण्याचे परिणाम केवळ एका ग्राहकापुरते नसतात, हे १२ एप्रिल २०२५ रोजी दिसून आले. त्या दिवशी देशभर काही तास यूपीआय व्यवहार विस्कळीत झाले. काही बँकांच्या यंत्रणांकडून 'या व्यवहाराची स्थिती काय' अशी विचारणा करणाऱ्या संदेशांचा पूर आला होता. त्यांत जुन्या व्यवहारांविषयीच्या विचारणाही होत्या. त्या भाराखाली मध्यवर्ती यंत्रणा मंदावली. पैसे पोचले की नाही या प्रश्नाच्या पुनरुक्तीनेच पैशांची वाट अडली. त्यानंतर निगमाने अशा विचारणांवर बंधने घातली. ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपवर ग्राहकास दिवसातून पन्नास वेळाच शिल्लक पाहता येते, आणि प्रलंबित व्यवहाराची स्थिती मोजक्याच वेळा, मध्ये काही अवधी ठेवून विचारता येते.

भरणा अडल्यास काय करावे

दोष शोधण्याचा क्रम ठरलेला असला म्हणजे गोंधळ होत नाही. प्रथम अ‍ॅपमधील व्यवहारांच्या यादीत त्या भरण्यापुढे यशस्वी, अयशस्वी की प्रलंबित असे लिहिले आहे ते पाहावे. मग बँकेच्या खात्यातून रक्कम खरोखर वजा झाली आहे काय हे बँकेच्या नोंदीवरून तपासावे. केवळ लघुसंदेश आला नाही म्हणून ती वजा झाली नाही असे समजू नये.

रक्कम वजा झाली नसेल आणि व्यवहार अयशस्वी असेल, तर कारणाचा संदेश वाचावा. संदेश अंक, शिल्लक वा मर्यादा यांविषयी असेल तर त्याप्रमाणे दुरुस्ती करावी. संदेशात बँकेची यंत्रणा उपलब्ध नसल्याचे म्हटले असेल, तर त्याच बँकेतून पुनःपुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बँकेचे खाते जोडलेले असल्यास ते वापरावे. अ‍ॅप उघडतच नसेल किंवा चक्र नुसतेच फिरत असेल, तर इंटरनेटची जोडणी पाहावी आणि अ‍ॅपची आवृत्ती जुनी आहे काय ते तपासावे. डोंगराळ भागात किंवा गर्दीच्या यात्रेत जोडणी क्षीण असते. तेथे मोकळ्या जागी गेल्याने पुष्कळदा काम भागते. साध्या मोबाइलसाठी २०२२ मध्ये सुरू झालेली 'यूपीआय १२३पे' ही सोय इंटरनेटशिवायही चालते.

रक्कम वजा झाली असेल आणि व्यवहार प्रलंबित असेल, तर व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम टिपून ठेवावी. पुढील सर्व पत्रव्यवहाराचा हा क्रमांक पाया आहे. दुकानदारासही तो दाखवावा. शक्य तर त्या वेळी रोख रक्कम द्यावी, आणि मागाहून भरणा जमा झाल्यास रक्कम परत मिळेल असे दोघांनी आपसात ठरवून घ्यावे.

कायद्याने दिलेली मुदत

अडलेली रक्कम किती दिवसांत परत यावी हे बँकेच्या मर्जीवर सोडलेले नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये याविषयी परिपत्रक काढले आणि ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. यूपीआयने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस पाठविलेली रक्कम वजा झाली, पण जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसात आपोआप परत आली पाहिजे. दुकानदारास दिलेल्या रकमेची वजावट झाली, पण दुकानात खात्री पोचली नाही, तर ती पाच दिवसांच्या आत परत आली पाहिजे. एकाच संस्थेच्या वॉलेटमध्ये घडलेल्या अशाच अडचणीसाठी एका दिवसाची मुदत आहे; वॉलेटमधून यूपीआय वा अन्य मार्गाने बाहेर जाणाऱ्या रकमेस त्या त्या मार्गाचे नियम लागतात. हे दिवस कॅलेंडरप्रमाणे मोजावयाचे असतात. सुट्टीचे दिवस त्यातून वगळले जात नाहीत.

मुदत टळली तर प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी शंभर रुपये भरपाई ग्राहकास मिळाली पाहिजे. परिपत्रकाचा विशेष हा की ही भरपाई ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता संस्थेने स्वतःहून जमा करावयाची आहे. हा हक्क माहीत नसल्याने पुष्कळ लोक मूळ रक्कम परत मिळाली एवढ्यावरच समाधान मानतात. भरपाईचा हा नियम खात्यातून रक्कम वजा होऊनही व्यवहार अपुरा राहिला असेल तेव्हा, आणि दोष ग्राहकाचा नसेल तेव्हाच लागू होतो, हेही ध्यानात ठेवावे.

तक्रारीची पायरी

मुदतीत रक्कम परत न आल्यास पहिली तक्रार त्याच अ‍ॅपमध्ये, त्या व्यवहारापुढे असलेल्या मदतीच्या जागी नोंदवावी. त्याच वेळी आपल्या बँकेकडेही लेखी तक्रार द्यावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. एनपीसीआयच्या संकेतस्थळावरही यूपीआयविषयीची तक्रार नोंदविता येते.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पूर्वी बँका, वित्तसंस्था आणि अंकीय व्यवहार यांसाठी वेगवेगळे लोकपाल होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या योजना एकत्र करण्यात आल्या. या तक्रारीस शुल्क पडत नाही आणि वकिलाची गरज नसते. मात्र प्रथम संबंधित संस्थेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे. ती पायरी चुकविल्यास लोकपालाकडील अर्ज फेटाळला जातो. संदर्भ क्रमांक आणि तारखा जपून ठेवण्याचे मोल येथे कळते.

मदतनिसाच्या वेषातील चोर

भरणा अडलेला माणूस व्याकूळ असतो आणि चोर याच क्षणाची वाट पाहत असतो. असा माणूस इंटरनेटवर बँकेचा वा अ‍ॅपचा मदत क्रमांक शोधतो. तेथे भामट्यांनी स्वतःचे क्रमांक पेरून ठेवलेले असू शकतात. पलीकडचा गोड आवाज सांगतो, "तुमचे पैसे परत करतो, फक्त आलेल्या सूचनेवर गुप्त अंक घाला," किंवा "हे अ‍ॅप उतरवून घ्या," आणि त्या अ‍ॅपमधून मोबाइलचा पडदा त्याला दिसू लागतो. ८४० रुपये परत मिळविण्याच्या धडपडीत उरलेली शिल्लकही जाते.

यावर एकच नियम पाठ करून ठेवावा : गुप्त अंक पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी नव्हे. अडलेली रक्कम परत येण्यासाठी ग्राहकाला अंक, कार्डाचा क्रमांक किंवा लघुसंदेशातील संकेतांक कोणासही सांगावा लागत नाही. ज्या मार्गाने ती गेली त्याच मार्गाने ती आपोआप परत येते. मदत क्रमांक अ‍ॅपमधून, बँकेच्या पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या बँकेस त्वरित कळवावे. जितका विलंब होईल तितकी रक्कम पुढे सरकत जाते.

चुकीच्या माणसाला गेलेल्या पैशांचा प्रश्न याहून वेगळा आहे. तेथे व्यवहार यशस्वी झालेला असतो, म्हणून एक वा पाच दिवसांची मुदत आणि शंभर रुपयांची भरपाई तेथे लागू होत नाही. बँक समोरच्या खातेदाराशी संपर्क साधते आणि साधारणपणे त्याच्या संमतीनेच रक्कम परत येते. यास्तव गुप्त अंक देण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे घेणाऱ्याचे नाव वाचणे, ही क्षणभराची दक्षता पुढचा दीर्घ त्रास वाचविते.

दुकानदाराची बाजू

अडलेल्या भरण्यात दुकानदाराचीही कुचंबणा होते. "पैसे वजा झाले" असा संदेश दाखविणारा प्रत्येक ग्राहक प्रामाणिक असतोच असे नाही. बनावट अ‍ॅपवर खोटी पावती दाखवून माल नेणारे लोकही आहेत. दिवसाकाठी थोडक्या कमाईवर जगणाऱ्या भाजीवाल्यास एकेका व्यवहाराचे मोल असते. म्हणून त्याने ग्राहकाच्या पडद्यावर विसंबून न राहता आपल्या खात्यातील नोंद पाहावी, हे रास्तच आहे. ग्राहकानेही तो अविश्वासाचा अपमान मानू नये. गल्ल्यावरचे बोलके यंत्र कधी जोडणीअभावी मुके राहते आणि रक्कम मात्र जमा झालेली असते. तेव्हा यंत्राच्या आवाजापेक्षा खात्याची नोंद प्रमाण मानावी. दुकानात लावलेल्या क्यूआर कोडवर कोणी दुसराच कागद चिकटवून गेला नाही ना, हेही दुकानदाराने अधूनमधून पाहावे.

रोख व्यवहारात नोट एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि दोघांनाही ती दिसते. मोबाइलवरील व्यवहारात दोघांनाही दिसते ती फक्त एका दूरच्या वहीतील नोंदीची बातमी. ती बातमी उशिरा येऊ शकते, हे एकदा समजले की अर्धी धास्ती ओसरते. उरलेल्या अर्ध्या धास्तीवर उपाय म्हणजे थोडी पूर्वतयारी : जोडलेले दुसरे एखादे खाते, बँकेत नोंदलेला चालू मोबाइल क्रमांक आणि अडीअडचणीसाठी खिशात थोडी रोख रक्कम. पाटण्याच्या त्या गृहस्थांजवळ एवढी रोख असती, तर ८४० रुपये पाच दिवसांनी परत आले असते तरी चालले असते. औषध मात्र त्याच रात्री घरी पोचले असते.